हिरवळीवरची पांढरी छत्री आणि क्लोरोफायलमचं कुळगोत्र

फोटोंसह प्रश्न असा आला आहे. पुण्याजवळच्या एका सोसायटीच्या हिरवळीवर जूनच्या दोन-तीन सरी पडल्यावर ताटाएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. सासूबाई म्हणाल्या, गावाकडे आम्ही हीच अळंबी खायचो. शेजाऱ्यांनी फोनवर शोधून सांगितलं की ही क्लोरोफायलम, विषारी. पुढे वाचायला घेतलं तर एकाच अळंबीला कुठे लेपिओटा, कुठे मॅक्रोलेपिओटा, कुठे क्लोरोफायलम अशी नावं सापडली. वर 'क्लोरोफायलमच्या काही जाती लोक खातात' असंही कुठेतरी होतं. मग ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा हा गट, विषारी धरायची की नाही, आणि एका छत्रीला इतकी नावं कशासाठी? शिवाय हिरवळीचं काय करायचं?

आधी स्वयंपाकघराचं उत्तर देते: खाऊ नका. फोटो पाहून 'खा' असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. 'खाऊ नका' एवढं मात्र फोटोवरून सांगता येतं, आणि तुमच्या फोटोंवरून ते मी ठामपणे सांगते. मी बत्तीस वर्षं कवकशास्त्र शिकवते आहे. दर पावसाळ्यात पहिल्या पंधरा दिवसांत जे फोटो येतात, त्यांत ही छत्री सगळ्यांत जास्त असते. हिचं पूर्ण नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. उष्ण प्रदेशात जगभर आढळते. बागा, मैदानं, रस्त्यामधल्या दुभाजकांवरची हिरवळ, शेणखत पडलेली जागा, म्हणजे माणसाने पाणी आणि खत घातलेली जमीन हिला फार मानवते. जंगलात शिरायची गरज नाही. ती आपल्या दारात येते, म्हणून ती इतक्या ताटांत पोहोचते.

आता ती नीट बघा. पूर्ण उघडलेलं छत्र वीतभर, कधी त्याहून मोठं. पांढऱ्या पाठीवर मधोमध एक सलग तपकिरी खपली आणि तिच्याभोवती तुटक-तुटक लहान खपल्या, भाकरीवर करपट डाग पडावेत तशा. जोराच्या पावसात या खपल्या धुऊनही जातात, त्यामुळे छत्र पांढरं स्वच्छ दिसलं म्हणून ती वेगळी समजू नका. देठ बोटाएवढा जाड, गुळगुळीत, आतून पोकळ, बुडाशी किंचित फुगलेला. देठाच्या वरच्या भागात दुहेरी काठाचं एक कडं असतं. ते हळूच बोटाने ढकला. मनगटातल्या सैल बांगडीसारखं ते वर-खाली सरकतं. छत्र उलटं करा. खालचे कल्ले, म्हणजे छत्राखालच्या पातळ उभ्या पट्ट्या, देठाला चिकटलेले नसतात, देठाभोवती बारीकशी मोकळी खाच राहते आणि छत्र देठापासून अलगद सुटून येतं.

हे कल्ले सुरुवातीला पांढरे असतात. छत्र उघडून काही तास किंवा एखादा दिवस गेला की त्यांच्यावर राखाडी-हिरवी झाक चढू लागते, मुगाची सालं भिजवून चोळल्यावर पाण्याला येते तशी. तो रंग बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा. ठसा घेतला की ते स्वच्छ कळतं, आणि ठसा घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. पूर्ण उघडलेलं, पण अजून न लोंबलेलं छत्र घ्या. देठ कल्ल्यांच्या पातळीवर कापून टाका. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद जोडून त्यावर कल्ले खाली येतील असं ते ठेवा, पाठीवर पाण्याचे दोन थेंब सोडा आणि वरून पातेलं पालथं घाला. संध्याकाळी ठेवलं तर सकाळी उचला. कागदावर कल्ल्यांची चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी उमटलेली असेल. पांढऱ्या कागदावर ती मळकट हिरवी दिसली की निदान जवळजवळ पक्कं झालं, कारण इतक्या मोठ्या छत्र्यांमध्ये हिरव्या बीजाणूंच्या फारच थोड्या आहेत. ठसा ताजा असतानाच उजेडात बघा. जुना झाला की रंग मंदावतो.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगायची आहे. हा हिरवा रंग ओळखीची खूण म्हणून पुस्तकात छापलेला असतो, आणि ते वाचून लोक म्हणतात, आमच्या अळंबीचे कल्ले तर पांढरे होते. असणारच. खाणारा माणूस कोवळी कळी निवडतो, ढोलाच्या टिपरासारखी, घट्ट मिटलेली, कारण तीच चवीला चांगली. त्या वयात बीजाणू पिकलेलेच नसतात. कल्ले दुधासारखे पांढरे असतात आणि ठसा पडत नाही. म्हणजे ज्या वयात ती खावीशी वाटते, नेमक्या त्याच वयात तिची खूण दिसत नाही. मी पाहिलेल्या विषबाधांत बहुतेक वेळा कळ्याच तोडल्या गेल्या होत्या. शेजारीच चार हिरवट, म्हाताऱ्या छत्र्या लोंबत असतात, पण 'त्या जुन्या झाल्या' म्हणून कुणी त्यांच्याकडे बघत नाही. बघा. कळीची ओळख तिच्या शेजारच्या म्हातारीकडून होते.

आता नावांकडे वळू. हा भाग मला मनापासून आवडतो, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

या छत्रीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८१८ साली मायर यांनी केलं, दक्षिण अमेरिकेतल्या एसेक्विबो नदीच्या परिसरातल्या वनस्पतींवरच्या ग्रंथात. तो भाग आजच्या गयानात येतो. त्या काळी कल्ले असलेल्या जवळजवळ सगळ्या छत्र्या 'अ‍ॅगॅरिकस' या एकाच मोठ्या पोत्यात भरलेल्या असत, म्हणून ही झाली अ‍ॅगॅरिकस मॉलिब्डायटीस. 'मॉलिब्डॉस' म्हणजे ग्रीकमध्ये शिसं. पिकलेल्या कल्ल्यांचा शिशासारखा करडा रंग मायर यांच्या डोळ्यांत भरला असावा. पुढे १८७९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स पेक यांनी ओहायोतल्या नमुन्यावरून हिचं पुन्हा नव्याने नाव ठेवलं, अ‍ॅगॅरिकस मॉर्गनाय. नंतर ते लेपिओटात गेलं. आमच्या पिढीने शिकताना जुन्या बाटल्यांवर 'लेपिओटा मॉर्गनाय' अशी चिठ्ठी पाहिलेली आहे. तुम्हाला सापडलेलं लेपिओटा हे त्याच काळाचं.

त्या सगळ्या मांडणीचा पाया स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून घातला होता. छत्र्यांची पहिली वाटणी त्यांनी बीजाणूंच्या रंगावर केली. पांढरे, गुलाबी, तपकिरी, जांभळट आणि काळे. डोळ्यांनी दिसणारी, कुणालाही पडताळता येणारी खूण. शेतात उभं राहून काम करणाऱ्याला ती आजही उपयोगी पडते, म्हणून मी वर्गात पहिल्या दिवशी तीच शिकवते. पण हिरव्या बीजाणूंसाठी त्या कपाटात खणच नव्हता. मग १८९८ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या जॉर्ज मॅसी यांनी हिरव्या बीजाणूंसाठी स्वतंत्र प्रजाती काढली आणि नाव दिलं क्लोरोफायलम. क्लोरो म्हणजे हिरवा, फिलॉन म्हणजे पान, इथे कल्ला. झाडांतल्या हरितद्रव्याचं नावही याच दोन शब्दांतून आलं आहे, तरी या छत्रीत हरितद्रव्य नाही. ती बुरशी आहे, मातीतल्या कुजक्या काडीकचऱ्यावर जगते.

मॅसी यांनी ज्या जातीवर ही प्रजाती उभी केली तिचं नाव त्यांनी ठेवलं क्लोरोफायलम एस्क्युलेंटम. एस्क्युलेंटम म्हणजे खाण्याजोगी. नंतर उलगडलं की ती मायर यांची मॉलिब्डायटीसच होती. ज्या जातीने आज जगभर लोकांची पोटं बिघडतात, तिच्याच अंगावर एकदा 'खाद्य' असा शास्त्रीय शिक्का बसला होता. लॅटिन नाव म्हणजे स्वयंपाकघराचा दाखला नव्हे, हे विद्यार्थ्यांना पटवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पुढची शंभर वर्षं क्लोरोफायलम म्हणजे 'हिरव्या बीजाणूंची ती एक' असंच चाललं. तिच्यासारख्याच उंच, खपल्यांच्या, सरकत्या कड्याच्या, पण पांढऱ्या बीजाणूंच्या छत्र्या वेगळ्या घरात होत्या. त्यांच्यासाठी रोल्फ सिंगर यांनी १९४८ मध्ये मॅक्रोलेपिओटा ही प्रजाती केली. युरोपात आवडीने खाल्ली जाणारी मॅक्रोलेपिओटा प्रोसेरा त्यात होती. कापली की केशरी होऊन मग तपकिरी पडणारी रॅकोडीस त्यात होती. रंगाची भिंत इतकी पक्की मानली जायची की मॉलिब्डायटीस आणि रॅकोडीस हातात शेजारी-शेजारी धरल्या, तरी त्यांना सख्ख्या बहिणी म्हणायला कुणी सहजी तयार होत नसे.

ती भिंत डीएनएने पाडली. मूळच्या नेदरलँड्सच्या आणि कॅलिफोर्नियात बर्कलीला काम करणाऱ्या एल्से वेलिंगा यांनी सहकाऱ्यांबरोबर २००२-०३ च्या सुमारास या सगळ्या उंच छत्र्यांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. निघालं ते असं की मॅक्रोलेपिओटा ही एकसंध प्रजातीच नाही. प्रोसेरा आणि तिच्या जवळच्या एका बाजूला. रॅकोडीस, हॉर्टेन्सी वगैरे दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्या अगदी मधोमध आपली हिरवी मॉलिब्डायटीस बसलेली. सूक्ष्मदर्शकाखाली मागे वळून पाहिलं तर पुरावाही समोरच होता. प्रोसेराच्या गटात देठावर नागमोडी तपकिरी पट्टे असतात, दुसऱ्या गटाचा देठ गुळगुळीत. छत्राच्या पाठीवरची त्वचाही निराळी. दुसऱ्या गटात ती गदेसारख्या, खेटून उभ्या पेशींच्या थराने बनलेली असते. बीजाणूंच्या टोकाच्या छिद्राची घडणही वेगळी. रंगाने आपण सगळे इतके भारावलो होतो की ही लक्षणं दुय्यम धरली गेली.

मग रॅकोडीसच्या गटाला नाव कोणतं द्यायचं? नियम जुन्या नावाच्या बाजूने असतो. क्लोरोफायलम १८९८ चं, मॅक्रोलेपिओटा १९४८ चं, म्हणून सगळा गट क्लोरोफायलममध्ये आला. पण त्याच गटात आणखी एक अनपेक्षित पाहुणी निघाली. एन्डोप्टायकम नावाची एक मिटलेली, कधीच न उघडणारी, अंड्याच्या आकाराची बुरशी, जिचे बीजाणू पोटातच राहतात. तिला लोक वेगळ्याच वर्गातलं धरत होते. ती जनुकांनी क्लोरोफायलमच ठरली, आणि तिचं नाव १८४५ चं! नियम काटेकोर पाळला असता तर आज आपण सगळ्यांना एन्डोप्टायकम म्हणत असतो. तो गोंधळ टाळायला क्लोरोफायलम हे नाव राखून ठेवण्याचा प्रस्ताव २००२ मध्ये मांडला गेला. मिटलेली पाहुणी आता क्लोरोफायलम अ‍ॅगॅरिकॉइडीस म्हणून घरात नांदते आहे.

म्हणजे तुम्हाला दिसलेली तीन नावं तीन वेगवेगळ्या छत्र्यांची नाहीत. लेपिओटा हे एकोणिसाव्या शतकातलं घर. मॅक्रोलेपिओटा हे सिंगर यांनी बांधलेलं घर, जे मुख्यतः तिच्या पांढऱ्या बीजाणूंच्या बहिणींचं होतं, तरी काहींनी हिलाही तिथे नेलं. जुन्या पुस्तकांत त्या बहिणी अजून तिथेच सापडतात. क्लोरोफायलम हे आजचं नाव.

अलीकडची एक मोठी मांडणी २०१८ ची, चीनचे झाई-वेई गे आणि सहकाऱ्यांची. चार जनुकीय खुणा वापरून त्यांनी क्लोरोफायलमच्या १७ जाती ओळखल्या, त्यांतल्या आफ्रिकॅनम आणि पॅलिओट्रॉपिकम या दोन नव्या, आणि प्रजातीचे सहा विभाग पाडले. विभागांची नावं काय सांगतात तेवढंच सांगते. एका विभागाला प्रजातीचंच नाव आहे, मॉलिब्डायटीस त्यात येते. एक रॅकोडीसच्या नावावरून, एक त्या मिटलेल्या एन्डोप्टायकमच्या नावावरून. उरलेल्या तीन नावांत बीजाणूंचा आकार आहे, लंबगोल, लहान आणि गोल. हे सगळं ज्या कुलात येतं ते अ‍ॅगॅरिकेसी, म्हणजे बाजारात डब्यात मिळणाऱ्या बटन अळिंबीचं कुल.

'प्रजाती विषारी आहे का' या प्रश्नाला म्हणूनच मी 'हो' म्हणत नाही. विष हा क्लोरोफायलमच्या व्याख्येचा भाग नाही. मॉलिब्डायटीस विषारी, यात शंका नाही. जपानातून वर्णन झालेली निओमॅस्टॉइडियम विषारी. रॅकोडीस युरोपात बरेच लोक नीट शिजवून खातात, आणि त्यांतल्या काहींचं पोट तरीही बिघडतं. या प्रजातीच्या अगदी जवळच्या नात्यात पोडॅक्सिस आहे, जी राजस्थानच्या कोरड्या भागात पावसानंतर उगवते आणि तिथे भाजी म्हणून खाल्ली जाते. वंशावळ नातं सांगते, ताटात काय वाढायचं ते सांगत नाही. पण यातून जो निष्कर्ष काही लोक काढतात, की काही जाती चालतात म्हणजे आपलीही चालेल, तो मात्र जीवावर बेतणारा आहे. आपल्या हिरवळीवर जी उगवते ती बहुतेक वेळा नेमकी मॉलिब्डायटीसच असते.

तिने नक्की होतं काय? जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये तिच्यातून मॉलिब्डोफायलायसिन नावाचं एक प्रथिन वेगळं केलं. ते दुसऱ्या प्रथिनांचे तुकडे पाडतं, आणि उंदरांना ते घातक ठरलं. ते उष्णतेने निकामी होतं. हे वाचून 'मग शिजवली की झालं' असं कुणी म्हणू नये, कारण शिजवून खाल्लेल्यांनाही त्रास झालेला आहे. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत मळमळ, पिळवटून टाकणारी कळ, उलट्या, मग जुलाब, कधी जुलाबातून रक्त. धडधाकट माणूस एक-दोन दिवसांत सावरतो. लहान मूल किंवा म्हातारं माणूस मात्र अंगातलं पाणी गेल्यानेच अडचणीत येतं. यावर उतारा नाही. पाणी आणि क्षार भरून काढणं हाच उपचार, आणि तो सलाइनने करावा लागेल का हे डॉक्टरांनी ठरवायचं. आणि हो, काही माणसांना ही खाऊनही काहीच होत नाही. 'आम्ही खाल्ली, आम्हाला काही झालं नाही' हे वाक्य खोटं नसतं. त्याच ताटातल्या दुसऱ्या माणसासाठी मात्र ते निरुपयोगी असतं.

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये आमच्या आवारात राहणाऱ्या एका कुटुंबातल्या चौघांना रात्री नऊच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या. जेवण सातला झालं होतं. त्यांचा नातेवाईक उरलेली भाजी स्टीलच्या डब्यात घेऊन माझ्या दारात उभा राहिला, कारण डॉक्टरांनी विचारलं होतं, कुठली अळंबी? कांदा, हळद, तिखट, बेसन लावून केलेली ती भाजी. आकार ओळखण्यासारखा काही उरला नव्हता. मी डब्याच्या तळातला रस्सा काचपट्टीवर घेतला आणि त्यावर मेल्झरचं द्रावण टाकलं. त्यात आयोडीन असतं. बेसनातले स्टार्चचे कण क्षणात निळे-काळे झाले, आणि त्या निळ्या गर्दीत मोठे, जाड भिंतीचे, एका टोकाला जणू छाटलेले अंडाकार बीजाणू लालसर-तपकिरी उठून दिसले. क्लोरोफायलमच्या बीजाणूची ती खूण आहे. लांबी मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढी. मी फोन केला, 'क्लोरोफायलम दिसते आहे, दोन तासांत सुरू झालं हेही जुळतंय, पण भाजीत आणखी काही मिसळलेलं नव्हतं ना हे एकदा घरच्यांना विचारा.' चौघेही तिसऱ्या दिवशी घरी आले. त्यांतली धाकटी चार वर्षांची होती. तिच्या हाताला लावलेली सलाइनची पट्टी मला अजून आठवते.

ते शेवटचं वाक्य मी फोनवर का बोलले ते सांगते. लक्षणं किती वेळाने सुरू झाली, हा अळंबीच्या विषबाधेतला पहिला प्रश्न. एक-दोन तासांत उलट्या म्हणजे बहुधा पोटापुरतं विष. सहा तास उलटून, अनेकदा रात्री खाऊन पहाटे सुरू झालं, तर अ‍ॅमानिटासारख्या छत्रीतल्या अ‍ॅमाटॉक्सिनची शंका घ्यायची. ते विष यकृताच्या पेशींमधलं आरएनए बनवणारं यंत्रच बंद पाडतं. मधे एक दिवस बरं वाटतं आणि मग यकृत कोसळतं. शिजवून, वाळवून, काही करून ते जात नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानअळंबी खाऊन काही दिवसांत १३ जण दगावले, तेव्हा तो वेळेचा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे देशाने पाहिलं. आणि टोपलीत दोन्ही प्रकारच्या छत्र्या आल्या असतील तर लवकर झालेल्या उलट्या मागच्या मोठ्या संकटावर पडदा टाकतात. म्हणून लवकर त्रास सुरू झाला म्हणजे सुटलो, असं समजून घरी थांबायचं नाही. दवाखान्यात जाताना उरलेली भाजी, निवडताना फेकलेले देठ, जे मिळेल ते बरोबर न्यायचं, कागदात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत अळंबी दोन तासांत घाण होते. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषमाहिती केंद्र डॉक्टरांना चोवीस तास सल्ला देतं, हेही डॉक्टरांना सांगून ठेवा.

आता सासूबाईंचं. त्यांना चुकीचं ठरवू नका, कारण त्या चुकीचं बोलत नाहीयेत. त्यांनी गावाकडे खाल्लेली बहुतेक वारुळाची अळंबी असणार. गोव्यात तिला रोयण ओळमी म्हणतात, विदर्भात सात्या. ती वाळवीच्या घरातूनच उगवते. तिचा देठ जमिनीत खोल, मुळासारखा निमुळता होत वाळवीच्या वारुळापर्यंत गेलेला असतो, छत्राला मधोमध टोकदार उंचवटा असतो आणि ठसा गुलाबीसर पडतो. तुमच्या हिरवळीवरची छत्री खुरप्याने मुळापासून उकरून सासूबाईंना दाखवा. खाली मूळ नाही, नुसती फुगीर गाठ आहे आणि पांढरे बारीक तंतू. ज्यांनी आयुष्यभर वारुळाची अळंबी खणून काढली आहे त्यांचे हात हा फरक लगेच ओळखतात. अडचण अशी होते की गावातलं ज्ञान त्या गावच्या जमिनीशी, त्या झाडाखालच्या, त्या वारुळाच्या जागेशी बांधलेलं असतं. सोसायटीच्या विकत आणलेल्या मातीवर ती जागाच नसते. (उकरताना बुडाशी पेल्यासारखं आवरण दिसलं तर मात्र ती क्लोरोफायलम नव्हे. हात धुवा आणि मला लगेच कळवा, ती अ‍ॅमानिटा असू शकते.)

घरगुती परीक्षांचं काय? चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो का, किडे लागलेत का. यातली एकही परीक्षा विष ओळखत नाही. गोगलगाय आणि अळ्या ज्या छत्र्या आनंदाने खातात त्या माणसाला मारू शकतात. मॉलिब्डायटीसला चव आणि वास दोन्ही चांगले असतात, त्यामुळे जिभेवरही भरवसा ठेवता येत नाही. फोनवरची ओळखीची अ‍ॅप्स तर कळीच्या फोटोवरून बिनदिक्कत खाद्य जातीचं नाव देताना मी पाहिली आहेत. तुमच्या शेजाऱ्यांना यावेळी बरोबर उत्तर मिळालं ते उघडलेल्या छत्रीचा फोटो होता म्हणून.

हिरवळीचं काय करायचं हेही तुम्ही विचारलं आहे. नीट पाहिलंत तर छत्र्या गोल रिंगणात उगवलेल्या दिसतील आणि रिंगणाच्या काठचं गवत बाकीच्यापेक्षा गडद असेल. बुरशीचं जाळं मातीत मधून बाहेर सरकत जातं, कडेला काडीकचरा कुजवतं, त्यातून सुटलेलं नत्र गवताला मिळतं. छत्र्या हे त्या जाळ्याचं फळ. औषध फवारून जाळं मरत नाही, आणि फवारलेल्या हिरवळीवर मुलं खेळणार ते वेगळंच. पावसाळाभर रोज सकाळी मुलं खाली उतरायच्या आधी छत्र्या उपटून पिशवीत भरा आणि कचऱ्यात टाका. रांगती मुलं आणि कुत्री यांना ती सगळ्यांत आधी सापडते, कुत्र्यांनाही हिची बाधा होते. माळीबुवांना हे समजावून सांगा, नाहीतर उपटलेल्या कळ्या त्यांच्याच घरी जातील. असं झालेलं मी पाहिलं आहे. हाताला लागून काही होत नाही, धुतले की पुरे.

उद्याच्या उपटणीतून एक उघडलेली छत्री ठेवून द्या आणि रात्री कागदावर पालथी घाला. सकाळचा ठसा आणि बुडासकट उकरलेल्या एका कळीचा फोटो मला पाठवा. ठशाशेजारी पट्टी ठेवायला विसरू नका.